इंग्रजीतला ‘रन’: अर्थ किती, समानार्थी शब्द किती आणि मराठीत काय म्हणायचं?

सूरपारंबी

मंडळी, सध्या पाण्याच्या पंपाच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं काम अंगावर घेतलंय. पुस्तिका लहानशीच, पण ‘रन’ या एका शब्दाने जीव नकोसा केलाय. एका ओळीत पंप रन करायचा, पुढच्या ओळीत केबल भिंतीकडेने रन करायची, मग गढूळपणा जाईपर्यंत पाणी रन होऊ द्यायचं आणि शेवटच्या पानावर शाफ्टचा रन-आउट, म्हणजे फिरताना तो किती हलतो ते, मोजायचा. पहिल्या तिन्हींचं मराठी चटकन सुचलं: पंप चालवायचा, केबल न्यायची, पाणी सोडायचं. चौथ्यासाठी भाषांतराच्या एका प्रणालीला विचारलं, तर तिने बेधडक ‘शाफ्ट धावचीत’ असं उत्तर दिलं.

मग जरा खोदकाम केलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. तेव्हा सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. साधारण ६०,००० शब्दांची नोंद, नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, वाक्प्रचार धरले तर ५८०च्या आसपास. तिसऱ्या आवृत्तीचं काम ‘एम’ अक्षरापासून सुरू झालं. त्यात २००० साली ‘मेक’ने सेटला मागे टाकलं, २००७ साली ‘पुट’ने मेकला, आणि २०११ साली ‘रन’ने सगळ्यांनाच. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने बसले होते.

माझं म्हणणं असं आहे, की ‘रनचे समानार्थी शब्द सांगा’ हा प्रश्नच चुकीचा आहे. समानार्थी शब्द अर्थाला असतात, शब्दाला नसतात. कारखाना चालवण्याच्या अर्थी रनच्या जागी ‘मॅनेज’ किंवा ‘ऑपरेट’ चालेल, नदीच्या बाबतीत ‘फ्लो’, बंदुका चोरून नेण्याच्या बाबतीत ‘स्मगल’. पण या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नदीला ‘मॅनेज’ लावून बघा.

तुमच्या धंद्यात, गावात, घरात हा रन कुठे भेटतो आणि तुम्ही त्याला काय म्हणता, ते लिहा. कोशातलं नको, तोंडातलं हवं.

तिसरा_पंच

धाग्याचं नाव वाचून वाटलं क्रिकेटचं काही आहे. आता आलोच आहे तर लिहितो.

क्रिकेटमध्ये हा शब्द पहिल्यापासून नव्हता. इंग्लंडात सुरुवातीला गुण मोजणारा माणूस काठीवर खाच पाडायचा आणि गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणायचे. नंतर रन रूढ झाला. आणि गंमत बघा, चौकार-षटकारात पळायचं तर सोडाच, फलंदाज बॅटला टेकून चेंडू कुठे गेला ते बघत उभा असतो, तरी रन चार किंवा सहा.

मराठीत आपण ‘धाव’ घेतला तो चपखल बसला. धावसंख्या, धावफलक, धावगती, चोरटी धाव. ‘चोरटी धाव’ला तोड नाही, इंग्रजीतल्या ‘क्विक सिंगल’मध्ये ती मजा नाही. धावचीतमधला ‘चीत’ तर थेट कुस्तीच्या हौद्यातून आलाय. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत, सगळे एकाच तालमीतले पैलवान. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन ज्यांनी ऐकलंय त्यांना हे शब्द कधी बोजड वाटले नसतील.

एक कमी झालं. जखमी फलंदाजासाठी पळणारा ‘रनर’ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून १ ऑक्टोबर २०११पासून आयसीसीने बंद केला. म्हणजे कोशात रनचे अर्थ वाढले त्याच वर्षी मैदानातला एक गेला.

उगाच_काहीतरी

‘धावा’ या शब्दावर पण बोला की. शेवटच्या षटकात १८ लागत असतील तर धावाही हव्या असतात आणि देवाचा धावाही करावा लागतो.

(अवांतर: क्रिकेटमध्येही ‘अवांतर’ धावा मोजतात. इथे अवांतर लिहिलं की संपादक उडवतात. हा अन्याय आहे.)

भुसावळचे काका

रेल्वेत हयात गेली, त्यामुळे हा शब्द रोज कानावर. लोको पायलट आणि गार्ड (२०२२पासून ‘ट्रेन मॅनेजर’) म्हणजे ‘रनिंग स्टाफ’. त्यांना किलोमीटरवर मिळतो तो ‘रनिंग अलाउन्स’. आणि बाहेरगावी ड्यूटी संपल्यावर ते जिथे अंग टाकतात ती ‘रनिंग रूम’. नव्याने भरती झालेली पोरं हे नाव ऐकून हसायची, कारण रनिंग रूममध्ये कोणी रनिंग करत नाही. तिथे कॉल बॉय उठवायला येईपर्यंत सगळे घोरत असतात. गादी, पंखा, मेसचं वरण-भात-भाजी. सिगरेट ओढणाऱ्याने बाहेर जायचं, मोठ्याने बोलायचं नाही, कारण पलीकडच्या खाटेवरचा माणूस रात्रभर मालगाडी हाकून आलेला असतो.

स्टेशनवर न थांबता गाडी पुढे गेली की ‘रन थ्रू’ गेली म्हणायचं. मराठीत साधं आहे: ‘थ्रू गेली’. धावणे-बिवणे कोणी म्हणत नाही.

आणि एक. ‘गाडी तीस मिनिटे उशिराने धावत आहे’ ही घोषणा मी स्वतः ऐकत आलोय. प्रवासी विचारायचे, धावतेय तर उशीर का होतोय? याला माझ्याकडे आजपर्यंत उत्तर नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

काका, आमच्याकडे ‘रनिंगमध्ये पकडली’ हा स्वतंत्र अर्थ आहे. गाडी फलाटात पूर्ण थांबायच्या आधी चढायचं म्हणजे रनिंगमध्ये पकडायची. ‘रनिंगमध्ये उतरू नको रे’ हे प्रत्येक आईने म्हटलेलं असतं. इथे रनिंग कोण करतंय, गाडी की माणूस, हे इंग्रजाला विचारलं तर गडबडेल. आम्हाला कळतं.

काठपदर

माझं साड्यांचं दुकान आहे आणि वर शिवणाचं बघते. आमच्यात रनिंगशिवाय पान हलत नाही.

‘रनिंग ब्लाउज’ म्हणजे साडीलाच जोडून आलेला, त्याच कापडाचा ब्लाउज पीस. वेगळ्या रंगाचा आला तर ‘कॉन्ट्रास्ट’. ‘रनिंग मटेरियल’ म्हणजे ताग्यातून मीटरवर कापून देतो ते. ‘रनिंग शेड’ म्हणजे सध्या जोरात खपणारा रंग. गिऱ्हाईक विचारतं, ‘यात रनिंग काय आहे?’ तेव्हा तिला ब्लाउज विचारायचाय, की खप, की मीटर, हे तिच्या हातात काय आहे त्यावरून ओळखायचं. हातात साडी असेल आणि पदर उलगडून दुसरं टोक शोधत असेल तर ब्लाउज. नुसतीच मांडणीकडे बघत असेल तर खप.

शिवणाच्या वर्गात मात्र आम्हाला ‘धावदोरा’ शिकवला होता. रनिंग स्टिचला याच्याइतका चांगला शब्द नाही. सुई वर, खाली, वर, खाली आणि दोरा पुढे पळतो. तो एकच बघून वाटतं की कोणीतरी शिवताना बसूनच हे नाव ठेवलं असेल.

कपड्याचा रंग रन होतो, त्याला आपण रंग ‘जातो’ म्हणतो. आणि शेजारच्या कपड्यावर गेला की रंग ‘लागला’. इंग्रजीत दोन्हीला एकच. आपल्याकडे कोणाचं नुकसान झालं तेही कळतं: जिचा रंग गेला ती वेगळी, जिला लागला ती वेगळी.

शब्दशिवार

काठपदरताई, सगळं खरं, पण ‘रनिंग ब्लाउज’ला मराठी शब्द नाही असं थोडंच आहे? ‘साडीतलाच ब्लाउज’ म्हणा. सुटसुटीत आहे. आपण आळशी झालोय इतकंच.

काठपदर

म्हणते ना, ‘साडीतलाच आहे वहिनी’ असंच म्हणते. त्यावर वहिनी विचारतात, ‘म्हणजे रनिंग ना?’

सेमीकोलन

आयटीवाले अजून कसे आले नाहीत? मी आलो.

आमच्यात रन आणि एक्झिक्यूट हे समानार्थी. प्रोग्राम रन केला काय आणि एक्झिक्यूट केला काय, संगणकाला फरक नाही. पण एक्झिक्यूटचा दुसरा अर्थ देहान्त शासन देणे. त्यामुळे सूरपारंबी म्हणतायत ते बरोबर आहे. या एका अर्थापुरतीच त्यांची गट्टी, बाहेर पडल्यावर ओळख नाही. तिसरा अर्थ वकिलांचा: करारपत्र एक्झिक्यूट करणे, म्हणजे सह्या करून पुरं करणे. तिथे रन घातलात तर पक्षकार घाबरेल.

टीममध्ये मराठीत बोलताना आम्ही ‘रन कर’, ‘रन होत नाहीये’ असंच म्हणतो. ‘चालव’ पण चालतं. ‘धावव’ म्हटलेलं मात्र आजवर ऐकलं नाही.

सूरपारंबी

सेमीकोलन, तुम्ही माझ्या मनातल्या मुद्द्यावर आणलंत. रनला मराठीत धावणे-पळणे फार थोड्या ठिकाणी लागतं. बहुतेक ठिकाणी आपला ‘चालणे’ पुढे येतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, नोट चालते, प्रोग्राम चालतो. इंग्रजांची यंत्रं पळतात, आपली चालतात. काम तेवढंच करतात.

आणि ‘चालेल’ हा एक शब्द इंग्रजीत नेऊन दाखवा म्हणावं त्या ६४५वाल्यांना.

खडूफळा

मी निमशहरी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा. जरा मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मुलांचं पहिलं दुखणं म्हणजे शब्दाला शब्द. ‘माय अंकल रन्स अ शॉप’चं भाषांतर एकाने ‘माझे काका दुकान पळवतात’ असं केलं होतं. वर्ग हसला, पण चूक कुठे झाली ते बघा. रन म्हणजे पळणे हे त्याला येत होतं. प्रयोजक कसं करायचं तेही येत होतं. व्याकरण बिनचूक होतं, काका मात्र चोर निघाले. ‘शी रॅन इन्टू हर टीचर’चं ‘ती बाईंवर धावून गेली’ असंही झालेलं आहे. खरा अर्थ, तिला बाई अचानक भेटल्या.

दुसरं दुखणं म्हणजे मार्गदर्शिकेतली यादी. रन = स्प्रिंट, डॅश, जॉग, बोल्ट, फ्ली, स्कॅम्पर. मुलं पाठ करतात आणि निबंधात कुठलाही उचलून टाकतात. ‘माझे आजोबा रोज सकाळी बागेत बोल्ट करतात.’ बोल्ट म्हणजे घोडा बिथरून उधळतो तसं पळणं. आजोबांना कशाला उधळवायचं? त्यांना जॉग पुरे. स्प्रिंट म्हणजे थोडं अंतर, पण छाती फुटेपर्यंत. फ्ली म्हणजे संकटापासून दूर, वेग महत्त्वाचा नाही, जीव महत्त्वाचा. स्कॅम्पर म्हणजे लहान मुलं किंवा खारी. आणि पोलिसांच्या भाषेतला ‘ॲब्स्कॉन्ड’ तर पळतच नाही, तो नातेवाइकांकडे पडवीत झोपलेला असतो. फक्त सापडत नाही.

मी शिकवताना आता उलटं करतो. आधी मराठीत विचारतो: बाळ कसं पळतं? ‘दुडुदुडु.’ उंदीर? ‘तुरुतुरु.’ उशीर झालेली बाई? ‘लगालगा.’ उधारी मागायला दुकानदार आल्यावर? यावर वर्ग पेटतो: धूम ठोकली, पोबारा केला, सुंबाल्या केला, पळ काढला, पसार झाला, ढुंगणाला पाय लावून पळाला. मग त्यांना दाखवतो, की पळण्याची तऱ्हा इंग्रजी क्रियापदातच भरून ठेवतं, म्हणून त्यांना दहा क्रियापदं लागतात. आपण क्रियापद पुष्कळदा तेच ठेवतो आणि शेजारी दुडुदुडु, तुरुतुरु उभं करतो. हे एकदा कळलं की यादी पाठ करावी लागत नाही, मुलं विचारतात, ‘सर, तुरुतुरुला काय?’ मग स्करी सांगायचं.

अजून एक प्रश्न मुलीनेच विचारला होता: धावणे आणि पळणे एकच का? बोलण्यात आमच्याकडे सगळं पळणंच, धावणं फक्त पुस्तकात आणि शर्यतीत. पण नीट पाहिलं तर मदतीला ‘धावून’ येतात आणि संकटातून ‘पळून’ जातात. अंगावर धावून जातात, घरातून पळून जातात. धावण्याला पुढे काहीतरी असतं, पळण्याला मागे.

तिसरा_पंच

शेवटची ओळ मस्त सर. म्हणजे शेवटच्या चेंडूवर फलंदाज धावतो आणि हरल्यावर पळतो.

वावरातून

आमच्या भागात धाव म्हटलं की क्रिकेट नंतर, आधी विहीर. मोट होती तवाची गोष्ट. विहिरीला लागून जो उतार असायचा, ज्याच्यावरून बैल खाली जात, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची, थारोळ्यात पाणी ओतलं जायचं, आणि मग बैल पाठीपाठी वर घ्यायचे. तो उतार नीट नसला तर बैलाच्या खांद्यावर ताण येतो. म्हणून विहीर खणताना धाव किती लांब ठेवायची ते ठरवावं लागायचं. विहीर खोल तर धाव लांब. आता मोटा गेल्या, इंजिनं आली, मग मोटारी. धाव मात्र आमच्या विहिरीला अजून आहे, त्यावर आता तुरीच्या काड्या वाळत घालतो.

दुसरी धाव बैलगाडीच्या चाकाची. लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात ती. लोहार गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचा, चिमट्याने धरून चाकावर बसवायचा आणि वरून पाणी. पट्टी आवळली की चाक कडकड वाजतं. ‘धाव ढिली झाली’ म्हणजे गाडीचं काम निघालं.

तुमच्या ऑक्सफर्डवाल्याला म्हणा एकदा आमच्याकडे येऊन जा.

सूरपारंबी

क्या बात है! हे असलंच हवं होतं. म्हणजे आपली धावही काही कमी नाही.

संस्कृतातला ‘धाव्’ बघितला तर अजून मजा आहे. तो धावणारा, तसाच वाहणाराही आहे. आणि अगदी तस्साच दिसणारा दुसरा धाव् म्हणजे धुणे, स्वच्छ करणे. त्यामुळे दंतधावन म्हणजे दात घासणे, दातांची शर्यत नव्हे. इंग्रजी रनच्या मुळाशी जो जुना शब्द आहे त्याचाही एक अर्थ वाहणे असाच होता, आणि त्याच्या जर्मन भावंडात, ‘रिनेन’मध्ये, तोच अर्थ आजही शिल्लक आहे. म्हणजे ‘द रिव्हर रन्स’ ही कोणा कवीची कल्पना नाही. पाणी आणि पाय दोन्ही पहिल्यापासून त्या शब्दात होते.

चीज करताना दुधाला विरजणासारखं लावतात ते ‘रेनेट’ही याच कुटुंबातलं. जुन्या इंग्रजीत दूध रन होणे म्हणजे आळणे, घट्ट होणे. वाहणाराच शब्द, आणि थांबायच्या कामाला लावलाय.

पोटोमॅककाठचा

व्हर्जिनियातून. इथे ओढ्यालाच ‘रन’ म्हणतात. अमेरिकन यादवी युद्धाच्या धड्यात ‘बुल रन’ची लढाई असते ना, १८६१ आणि १८६२ अशा दोन, तो बुल रन म्हणजे ओढा आहे. बैल पळाल्याचा काही संबंध नाही. उत्तरेकडचे लोक लढाईला ओढ्याचं नाव देत, दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं, म्हणून त्याच लढाईला दक्षिणेत ‘मनॅसस’ म्हणतात. फेअरफॅक्स काउंटीत ‘डिफिकल्ट रन’ नावाचा ओढा आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथल्या पायवाटेची पाटी दाखवली की ते आधी बूट बघतात.

इथे पायमोज्याची वीण सुटून उभी रेघ पडली की तिला ‘रन’ म्हणतात, लंडनची मैत्रीण त्यालाच ‘लॅडर’ म्हणते. आणि इथे उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो.

उगाच_काहीतरी

आपलं ब्रिटिशांच्या वळणाचं, आपल्याकडे उमेदवार उभा राहतो. पण पुढचं इंग्रजांना जमलेलं नाही. आपल्याकडे तो नुसता उभा राहत नाही, कोणीतरी त्याला उभा ‘करतं’. मग अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कोणीतरी त्याला ‘बसवतं’. बसला नाही तर ‘पाडतात’. शेजारच्या प्रभागातला कोणी पळवून नेला तर ते वेगळंच.

रात्रपाळी_डेस्क

वृत्तपत्रवाला आहे म्हणून भर घालतो. इंग्रजी पेपर बातमी ‘रन’ करतो. आमच्याकडे छापील पेपरात बातमी ‘लागते’ आणि वाहिनीवर ‘चालते’. ‘माझी बातमी लागली का?’ हे वार्ताहर विचारतो. ‘तुमची बातमी चालवतोय’ हे चॅनेलवाला सांगतो. छापील बातमी चालवली असं कोणी म्हटलं तर ओळखावं, की माणूस नुकताच टीव्हीतून आलाय.

रात्रीचा_डॉक्टर

थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे. नाक रन होतं = नाक गळतंय. कान रन होतो = कान फुटलाय (पडदा फुटला असेलच असं नाही, पू आला तरी ‘फुटला’च). जखम रन होते = जखम वाहतेय. ताप रन होतो = अंगात ताप आहे. टेस्ट रन करायच्या = तपासण्या करायच्या. आणि ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. एक तरुण पेशंट लाजून इंग्रजीत म्हणाला, ‘डॉक्टर, आय हॅव द रन्स.’ सोबत त्याची आजी होती, तिने मोठ्या आवाजात सांगितलं, ‘ढाळ लागलेत त्याला.’ अख्ख्या रांगेला कळलं.

सातपूर_टर्नर

धागा आज वाचला. ताई, तुमचा शाफ्ट अडलाय का अजून? आमच्या वर्कशॉपमध्ये ‘शाफ्ट आउट आहे’ म्हणतात. शाफ्ट दोन बाजूंनी आधारावर ठेवायचा, डायल गेजचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि शाफ्ट हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. काटा जेवढा हलला तेवढा आउट. ‘शाफ्टचा आउट मोजा’ असं लिहा आणि पुढे कंसात नव्हे, वाक्यातच कसं मोजायचं ते द्या. ‘विचलन’, ‘उत्केंद्रता’ असलं लिहू नका, फिटर पुस्तिका बाजूला ठेवेल.

शब्दशिवार

‘डगमग’ चालेल की!

सातपूर_टर्नर

डगमग टेबलाची असते साहेब. शाफ्ट जरासा आउट असला तर डोळ्याला दिसत पण नाही आणि सील मात्र खाऊन टाकतो.

सूरपारंबी

‘शाफ्टचा आउट’ घेतला. शब्दशिवार, तुमचा राग मान्य, पण पुस्तिका फिटरसाठी आहे.

आता एकच उरलाय. पंपाशी संबंध नाही, दुसऱ्या एका लेखात आलाय. बँकेवरचा ‘रन’. ठेवीदार एकदम पैसे काढायला लोटतात तो. याला मराठीत रुळलेला शब्द कोणता? बँकवाले आहेत का कोणी?

काउंटर_नंबर_तीन

आहे. रुळलेला एकच शब्द नाही. वर्तमानपत्रं ‘ठेवीदारांची झुंबड’, ‘बँकेसमोर रांगा’ असं लिहितात. आम्ही आपसात ‘रन आला’ म्हणतो, आणि हळू आवाजात म्हणतो, कारण तो शब्द काउंटरच्या पलीकडे गेला की खरंच येतो. अडचण अशी, की बँक बुडणार आहे म्हणून लोक पैसे काढतात असं नेहमी नसतं. लोक पैसे काढतात म्हणूनही बँक बुडते. बँकेने ठेवी कर्जाऊ दिलेल्या असतात, सगळ्यांचे पैसे एका दिवशी तिजोरीत कुठल्याच बँकेत नसतात. शब्दात ही दोन्ही बाजूंची ओढ यायला हवी.

रात्रपाळी_डेस्क

झुंबड २००७ साली ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर लागली तेव्हा शोभली, शाखांबाहेर खुर्च्या घेऊन बसलेल्या लोकांचे फोटो होते. पण मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लावले, तेही बहुतेक घरबसल्या. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं. तिथे झुंबड कुठे होती? मी त्या रात्री मथळ्यात ‘ठेवींचा उपसा’ लिहिलं.

वावरातून

उपसा बरोबर वाटतो. विहीर अशीच आटते, सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की.

काउंटर_नंबर_तीन

उपशात घबराट येत नाही हो. उपसा माणूस शांतपणे, ठरवून करतो. मी ‘पैसे काढायला रेटा’ म्हणेन. रेट्यात मागचा पुढच्याला ढकलतो, आणि पुढच्याला नको असलं तरी जावं लागतं.

शब्दशिवार

रेटा चांगला आहे. काउंटर_नंबर_तीन यांना माझं अनुमोदन.

सूरपारंबी

मथळ्यात उपसा, मजकुरात रेटा. संपादकांना उद्या पाठवते, काय कापतात ते कळवेन.